खारीची हात जोडणारी पोरं

एका जंगलात मोहाच्या जुन्या झाडावर एक खार राहत असे. तिला जीव पाळायची भारी हौस. एकदा तिला फांदीला चिकटलेला प्रार्थनाकीटकाचा कोष सापडला, वाळलेल्या फेसाच्या गोळ्यासारखा. तिने तो अलगद सोडवून शेजारच्या रिकाम्या ढोलीत नेऊन ठेवला. एका सकाळी त्यातून मुंगीएवढी पिल्ले लोंबकळत बाहेर आली. मुलांनो, ह्या कीटकांचे पुढचे पाय जोडलेल्या हातांसारखे दिसतात. ढोलीभर एवढेएवढेसे हात जोडलेले पाहून खारीचा ऊर भरून आला. "गुणाची लेकरं माझी, नमस्कार करतच जन्मली," असे म्हणून तिने मोहाच्या फुलांचा गोड गर त्यांच्यापुढे ठेवला.

तेवढ्यात साळुंकी डोकावली. "खारूताई, ते हात नव्हेत. काटे बघ त्यांना. ह्यांना चिलटं, माश्या लागतात. आणि एकेकाला वेगळ्या फांदीवर सोड."

"माझी पोरं माळकरी आहेत," खार फणकारली. "आणि वेगळं कशाला करू? तुला एकेक टिपायला सोपं जावं म्हणून?"

"मी किडे खाते, हे खोटं नाही. म्हणून तर त्यांची भूक मला कळते," एवढे बोलून साळुंकी उडून गेली.

तिच्या धास्तीने खारीने ढोलीचे तोंड चिखलाने लिंपले. गर सारायला तेवढी फट ठेवली. रोज गर सारताना फटीशी जोडलेले हात दिसले, की "नमस्कार करतात," असे म्हणून ती फटीला कान लावी. आत खुडबुड होई. "खेळताहेत," म्हणून ती सुखावे. पुढे खुडबुड कमी झाली. "शहाणी झाली," ती म्हणे. मग एके दिवशी आत काहीच वाजेना. तिने चिखल फोडला.

गर तसाच सुकून पडला होता. आत एकच कीटक होता, चांगला पोसलेला, तुकतुकीत. भोवती बारीक पायांचा कचरा.

"तुझी भावंडं कुठं रे?"

त्याने हात जोडले. "आई, गर आम्हाला चालत नाही, हे सांगायला आम्ही रोज फटीशी येत होतो. तू म्हणायचीस, नमस्कार करतात."

तो तिच्या पंजावरून चालत उजेडात गेला. साळुंकी समोरच बसली होती. तिने त्याला टिपले. खारीने तिला हाकललेसुद्धा नाही.

तात्पर्य : जीव पाळायचा, तर आधी त्याची भूक ओळखावी. आपल्या आवडीचा घास पुढे ठेवून दार लावून घेणारी माया वैऱ्यापेक्षा वाईट.