नाकमुरड्याचा दगड

झरणपाड्याच्या चर्चच्या दारात एक बसका काळा दगड आहे. बाहेरगावचे पाहुणे दमूनभागून हमखास त्यावर टेकायला जातात, आणि चर्चच्या मंडळीतले म्हातारे वडीलधारे वेस्ताबाबा त्यांना दंडाला धरून उठवतात. तो नाकमुरड्याचा दगड. त्यावर वर्षातून एकदाच बसायचे, आणि तेही एकट्या पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने. का, ते सांगताना बाबांचे तोंड कडू होते.

फार पूर्वी इथे एक गोरा मिशनरी साहेब बायकामुलांसह राहत होता, असे सांगतात. त्याचे नाव आता कुणाला धड घेता येत नाही. त्याने विहीर खणली, शाळा काढली, तापाची औषधे वाटली. बाबा हे आधी सांगून टाकतात, कारण ते खरे आहे. लोकांनी त्याचे ऐकून देव बदलला, पण नवाईची रीत काही सोडली नाही. नवे धान्य आधी देवाला, मग माणसाला. आता देवाच्या नावाने पहिला घास कुणी घ्यायचा? भोळ्या लोकांनी तो मान साहेबाला दिला. नव्या भगरीचा भात आणि अंबाडीची भाजी पळसाच्या द्रोणातून बंगल्यावर जायची. दुसऱ्या दिवशी चर्चच्या दारात उभा राहून साहेब सांगायचा की फार गोड होते. मग गाव जेवायचे.

एका वर्षी सायकीबाई बंगल्यावर स्वयंपाकाला लागली. त्या साली जुने धान्य लवकरच संपले होते आणि लोक रानातले कंद उकडून दिवस काढत होते. सायकीबाईची लेक नुकतीच बाळंत झालेली. पोटात अन्न नाही, अंगावर दूध नाही, पोर रडून रडून निपचित पडायचे. नवी भगर घरात येऊन पडली होती, पण नवाईआधी तिला हात कोण लावणार? नवाईच्या दिवशी सायकीबाईने घरी रांधून द्रोण मडमेच्या हाती दिला आणि ती मागे भांडी घासायला बसली.

थोड्या वेळाने मडम मागच्या दाराने बाहेर आली. द्रोण तिने दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून लांब धरला होता. तो राखेच्या खड्ड्यात टाकून ती आत गेली आणि साबणाने हात धुऊ लागली. सायकीबाईने खड्ड्यात वाकून पाहिले. अंड्यांची टरफले, चघळलेली हाडके, चहाचा चोथा, घोंगावणाऱ्या माश्या, आणि त्यावर उपडा पडलेला नवा भात. मडमेचे एक लेकरू हगवणीने गेले होते, तेव्हापासून तिला गावच्या अन्नाची धास्ती होती, हे सायकीबाईला ठाऊक होते. आईची भीती तिला कळत होती. पण दुसऱ्या दिवशी साहेब चर्चच्या दारात आला आणि हसून म्हणाला, "फार गोड होतं." त्या हसण्याची तिला शिसारी आली.

आता लेकीला भरवायचे काय? देवाला न पोचलेले अन्न बाळंतिणीच्या तोंडात कसे घालायचे? आणि बोलावे, तर आजवरच्या सगळ्या नवाया खोट्या होत्या, हे गावाला कळणार. सायकीबाई घरी गेली, पुन्हा द्रोण भरून आणला आणि या दगडापाशी उभी राहिली.

"साहेब, तू आज इथं बस. सगळ्यांपुढं खा. कालचा द्रोण मी खड्ड्यात बघितलाय."

मडम साहेबाची बाही ओढत होती. तरी तो बसला. घास तोंडात जाताच म्हणे त्याचे नाक मुरडले गेले. त्याने घास रुमालात थुंकला आणि रुमालाची व्यवस्थित घडी करून ती खिशात ठेवली. गोष्ट त्या घडीपाशी आली की वेस्ताबाबा दर वेळी बाजूला थुंकतात.

सायकीबाईने साहेबाकडे पुन्हा पाहिले नाही. त्याच्या मागे शाळेचा नुरजी मास्तर उभा होता. गावचाच मुलगा, पण बंगल्यावर उठबस वाढल्यापासून त्यालाही आईच्या चुलीच्या धुराचा वास नकोसा होऊ लागला होता.

"नुरज्या, तू बस. हेच खाऊन तुझ्या आईनं तुला पाजलं."

नुरजीने बूट काढले, तो दगडावर बसला आणि खाऊ लागला. पहिला घास त्याच्या घशाखाली उतरलेला पाहिला आणि सायकीबाई लेकीकडे धावली. दिवस मावळायच्या आत पोराच्या ओठांना दूध लागले, असे सांगतात. साहेब पुढे निघून गेला, बंगला पडला, आणि नुरजी इथला पहिला पाळक झाला.

आजही नवाईला पाळक या दगडावर अनवाणी बसतो आणि सायकीबाईच्या घरची म्हातारी त्याला द्रोण देते. त्याची प्रार्थना किती रंगली याच्याशी तेव्हा कुणाला देणेघेणे नसते. सगळे गाव त्याच्या नाकाकडे बघत असते. शहरात शिकून आलेल्या एकाच्या नाकपुड्या जरा हलल्या, तर त्याला संध्याकाळच्या बसमध्ये बसवून दिले होते.

एवढे सांगून वेस्ताबाबा शेजारच्या आपल्या घरात हाक मारतात. पाहुण्यांसमोर भाताचे द्रोण येतात, आणि बाबा समोर उकिडवे बसून त्यांच्या तोंडांकडे बघत राहतात.