शेठाणीला काय हवं होतं

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. एका अर्थी ते बरंच आहे, नाहीतर हे आपल्याच राज्याबद्दल बोलतायत, असं वाटून कुणीतरी रुसून बसलं असतं.

त्या राज्यात एका टेकडीवर मोठं विद्यापीठ होतं. तिथले पंडित नवे शोध लावत आणि त्यांचा खर्च राजाचा खजिना देई. पण खजिनदार भारी सावध माणूस. जे काम नक्की साधणार, त्यालाच तो पैसे देई. आता मला सांगा, जे साधणार हे आधीच ठाऊक आहे, त्याला शोध कशाला म्हणायचं? पण हे खजिनदाराला सांगणार कोण!

पंडितही काही कमी नव्हते. त्यांनी एक रीत पाडली होती. काम आधी गुपचूप उरकायचं, मग त्याच कामासाठी खजिन्याकडे पैसे मागायचे, आणि मिळालेल्या पैशांत पुढचं काम गुपचूप करायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. नवा पंडित आला, की थोरले त्याला पहिल्याच दिवशी बजावत, की खरा बेत पैसे देणाऱ्याला कधी सांगायचा नाही.

त्या विद्यापीठात एक विदुषी होती. ती खाडीकाठच्या एका गावातली. गावची जमीन खारी. भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरे आणि उभा भात करपून जाई. निम्मी घरं गाव सोडून गेली होती आणि उरलेली जायच्या विचारात होती. त्यात तिच्या धाकट्या भावाचंही घर होतं.

पण भावाच्या शेताच्या कोपऱ्यात एक रानटी भात उगवे. दाणा बारीक, कडवट, आणि तोही जेमतेम ओंजळभर. मात्र खाऱ्या पाण्याला तो भात दाद देत नसे. विदुषीला वाटे, याचा चांगल्या भाताशी संकर साधला, तर सगळं गाव इथेच राहून पोटभर जेवेल. साधेल की नाही, देव जाणे. वर्षं लागणार, जमीन लागणार, मजूर लागणार, आणि शेवटी हाती काहीच न लागण्याचा संभव जास्त. एवढं मोठं काम गुपचूप होण्यासारखं नव्हतं, आणि खजिनदार तर ऐकूनच हसला असता.

भावाचा मात्र बहिणीवर भरवसा होता. दरवर्षी तो ती ओंजळ पेरी, आलेली ओंजळ कोनाड्यात जपून ठेवी, आणि तिला निरोप धाडी, की बी जिवंत आहे, तू पैशांचं बघ.

अशात राजधानीतून बातमी आली. एका मोठ्या व्यापाऱ्याची विधवा शेठाणी आपल्या खासगी धनातून पंडितांना मदत करणार होती. आणि तीही कुठल्या कामाला? जे फसू शकतं, त्याच कामाला!

विद्यापीठात कुजबुज सुरू झाली. फसणाऱ्या कामाला पैसे देतं का कुणी? कुठेतरी पाणी मुरतंय. कुणी म्हणालं, तिला आपले शोध लाटायचे आहेत. कुणी म्हणालं, नवऱ्याची पापं धुवायची असतील. कुलगुरूंनी तर विदुषीला बाजूला घेऊन बजावलं, "ती बाई तुझं बी कोठारात कुलूपबंद करेल आणि उद्या तुझ्याच गावाला चढ्या भावाने विकेल. जायचं तर जा, पण खरं काही बोलू नकोस."

आता फुकट देणाऱ्याचा संशय येणं काही वाईट नाही. मलाही येतो, तुम्हालाही येत असेल. पण संशय आल्यावर पुढे काय करायचं, हे त्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात कुणी शिकवत नव्हतं.

विदुषी गेली. शेठाणी सुपारी कातरत बसली होती. विदुषीने नेहमीची रीत पाळली. लवकर पिकणारं भाताचं एक वाण तिने आधीच तयार करून ठेवलं होतं. तेच करायचं आहे, असं सांगून तिने पैसे मागितले. मनातला बेत असा, की पैसे हाती आले की गुपचूप खाऱ्या भाताला लावायचे.

"हे फसायची भीती कितपत?" शेठाणीने विचारलं.

"मुळीच नाही," विदुषी ऐटीत म्हणाली.

"मग राजाकडे जा की. तो देईल." शेठाणीने अडकित्ता खाली ठेवला. "तुझ्या मनात दुसरं काही आहे का गं?"

विदुषी सावध झाली. बाई पोटातलं काढून घ्यायला बघतेय, असं तिच्या मनात आलं. ती नाही म्हणाली. शेठाणीने पुन्हा विचारलं, आडून विचारलं, मायेने विचारलं. ती जितक्या मायेने विचारी, तितका हिचा संशय वाढे. शेवटी शाल आणि नारळ देऊन शेठाणीने तिची बोळवण केली. बी वाचलं म्हणून विदुषीला हायसं वाटलं.

त्या वर्षी पैसे मिळाले दुसऱ्याच एका पंडिताला. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारी भट्टी बांधतो, पण ती बहुतेक फुटेल, असं त्याने सरळ सांगून टाकलं होतं. भट्टी खरंच फुटली. विद्यापीठ पोट धरून हसलं. शेठाणीने त्याला पुन्हा पैसे दिले.

विदुषी लांबून बघत राहिली. शेठाणी आता तरी याच्याकडून काही उकळेल, असं तिला वाटे. शेठाणी काहीच मागत नव्हती, आणि त्यामुळे विदुषीला जास्तच धास्ती वाटू लागली. इकडे भावाचे निरोप येत होते, की बांधाला तडा गेलाय, लवकर ये. ती कळवी, जरा थांब, अजून खात्री पटत नाही.

मग भावाचे निरोप यायचे थांबले. तेव्हा मात्र ती तडक शेठाणीकडे गेली.

"बाई, एक विचारू? आम्हाला पैसे देऊन तुम्हाला काय मिळतं?"

शेठाणी हसली. "एवढे पंडित येऊन गेले, हे तोंडावर कुणी विचारलं नाही बघ. हवंय की मला. शोध लागला, तर त्याला आमच्या ह्यांचं नाव द्यायचं. आम्हाला मूलबाळ नाही. मागे नाव राहायला नको?"

"आणि बी?"

"बी घेऊन मी काय करू गं? मला कुठे शेतातलं कळतं!"

विदुषीने सगळं खरं सांगितलं, खाऱ्या भाताचं, भावाचं, आणि हे फसण्याचा संभव जास्त आहे, तेही. शेठाणीने त्याच दिवशी पैशांची थैली तिच्या हातात ठेवली.

विदुषी गावी पोचली तेव्हा बांध फुटलेला होता आणि शेतात समुद्राचं पाणी होतं. भाऊ बैलगाडीत भांडीकुंडी भरत होता. तिने थैली त्याच्यासमोर धरली आणि बी मागितलं.

भावाने हातातलं भांडं गाडीत ठेवलं आणि तो म्हणाला, "ताई, भरतीत सगळं गेलं, कोपऱ्यातला तो भातही मुळासकट वाहून गेला. कोनाड्यातली ओंजळ तेवढी राहिली होती. पोरं उपाशी झोपत होती गं. तिची पेज केली."

ती खाली बसली आणि ढसाढसा रडली. भावाला बोल लावायला तिला तोंड नव्हतं. पैसे होते, पण पेरायला दाणा नव्हता. त्या संध्याकाळी भावाची गाडी गेली, आणि मागोमाग उरलेलं गावही उठलं. शेठाणीने थैली परत घेतली नाही. विदुषी तो भात शोधत उरलेला जन्म खाड्यांच्या काठाने फिरली. तिला तो पुन्हा कुठे दिसला नाही.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, देणाऱ्याचा संशय आला तर तो त्याच्या तोंडावर विचारावा. मनात दाबून ठेवलेला संशय आपल्याच माणसांचा घास घेतो.