बस्त्यावचं अरुंद दार

एकदा काय झालं. पोरांनो, पाय हलवू नका, ऐका. साल एकोणीसशे अकरा. नाताळ उलटून तीन आठवडे झालेले. वसईला थंडी पडलेली, वालाच्या शेंगा भरलेल्या.

तिथं बस्त्याव नावाचा बागाईतदार होता. माणूस वाईट नव्हता. पण हाती आलेली वस्तू त्याच्या हातून सुटत नसे. घरात भाताची पोती, पोत्यांवर घोंगड्या, घोंगड्यांवर खुर्च्या. आणि नवी वस्तू आत आली की घराचं दार बोटभर अरुंद होई, बरं का. त्यानं सुताराला बोलावलं.

सुतार म्हणाला, "बस्त्यावदादा, चौकट आहे तशीच आहे. तुमचंच काही वाढलं असेल."

हा आपल्या पोटाला हसतोय, असं बस्त्यावला वाटलं. दिला हाकलून.

मग लेकीच्या लग्नाचा दिवस आला. लेक इजाबेल सडपातळ, ती निघाली बाहेर. आई आगुस आडवी होऊन निघाली. बस्त्याव नवा कोट घालून आला आणि दारात अडकला. बाहेर वाजंत्री वाजतेय. पाद्रीबाबा दुपारी दुसऱ्या गावी जाणार.

इजाबेल म्हणाली, "बाबा हात धरून नेतील तरच मी चर्चला जाईन. नाहीतर लग्न नको."

"अहो, पोट आत घ्या!" आगुस ओरडली.

"आतच आहे!"

"मग सामान बाहेर काढा."

मग बस्त्याव मागं सरला. फुटकी छत्री, बूड गेलेली टोपली, एका पायाची वहाण बाहेर फेकली. "घ्या, गरिबांना दिलं!"

दार हललं नाही.

"हा कचरा झाला," आगुस म्हणाली. "दान कुठंय?"

मग त्यानं दोन चांगल्या घोंगड्या दिल्या. दार करकरलं, जरा रुंदावलं. तो दारात शिरला आणि ओरडला, "बस्त्यावनं दिल्या म्हणून गावात सांगा!" दारानं त्याला असं आवळलं की कोटाची गुंडी उडाली. ती बाजेवाल्याच्या बिगुलात पडली. सूर बंद, लोक हसून बेजार.

उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये, असं येशूनं सांगितलंय. बस्त्याव ते चर्चमध्ये ऐके आणि तिथंच ठेवून येई. आता त्यानं तोंड मिटलं. पोती दिली, घोंगड्या दिल्या, खुर्च्या दिल्या. कुणाला काय गेलं ते बघितलंही नाही. दार रुंदावत गेलं. तरी बोटभर कमीच.

त्यानं वळून पाहिलं. कोपऱ्यात एक तांब्याचा हंडा उरला होता. तोही द्यायला गेला आणि थबकला. हंडा त्याचा नव्हताच. त्याच्या स्वतःच्या लग्नात पाणी भरायला शेजारच्या कातरीनमावशीकडून आणला होता. दुसऱ्याची वस्तू दान कशी देणार?

त्यानं हंडा डोक्यावर घेतला. मग दार असं रुंदावलं की बैलगाडी जावी.

लग्न वेळेत लागलं. सगळी पोटभर जेवली, पुढं सुखानं नांदली. पण चर्चला पोचण्याआधी, बरं का, वऱ्हाड वाटेत एका दारी थांबलं. कातरीनमावशी ओसरीवर बसली होती.

"मावशी, तुमचा हंडा."

"आणलास? मला वाटलं, अजून पाणीच भरतोयस."

"आणला."

तिनं हंडा आत नेला. देणं फिटलं. झोपा.