थांबेल तो दगड होईल

एका राज्यात, वैशाख वद्य तृतीयेला, दिवसाच्या दुसऱ्या प्रहरी, नागवळण घाटाच्या सातव्या वळणावर गोंदाजी गाडीवान दगडाचा झाला. गाडीत मीठ होते. चढावर बैलांना दम खाऊ द्यावा म्हणून तो उतरला, चाकामागे लावायला धोंडा उचलला, आणि बोटांपासून खांद्यांपर्यंत, खांद्यांपासून पागोट्यापर्यंत राखाडी होत गेला. मग बैल झाले. मग गाडी. त्याच्या पुढे अशाच अकरा गाड्या उभ्या होत्या.

मागच्या गाडीवर त्याची बहीण हौसा होती. तिच्या डोक्यावरून राजपोपट ओरडत गेला, "मार्गाध्यक्षांचा हुकूम! थांबेल तो दगड होईल!"

हा हुकूम आला कुठून? राजधानीच्या बुरुजावर मार्गाध्यक्षाचे आसन होते. त्या आसनावरून उच्चारलेला शब्द खरा होई. आसनापुढे तांब्याचा जादूचा पट, पटावर हस्तिदंती गाड्या. डोंगरातली गाडी हलली की पटावरची हले. पण पटावर चढ नव्हता, उतार नव्हता, बैलाच्या तोंडचा फेस नव्हता. आसनावर विद्याधर बसे. चार शास्त्रे शिकलेला, पण सात वर्षांत एकदाही त्याने कासरा हाती धरला नव्हता! गाड्या घाटात थबकताना दिसल्या, तो म्हणाला, "आळशी लेकाचे," आणि गाडीवाल्यांवर हुकूम सुटला.

हौसाने गाडी थांबवली नाही. एक चाक दरीवर अधांतरी फिरवून तिने बैल वळवले, घाट उतरली, वेशीतून शिरली आणि गाडीसकट थेट दरबारात आली!

"कोण ही बाई?" राजा धवलसेन गरजला. "थांब!"

"थांबले तर दगड होईन, महाराज! फिरता फिरता फिर्याद ऐका!"

गाडी खांबांभोवती फिरू लागली. सरदारांनी पाय वर घेतले. राजज्योतिषी सिंहासनामागे लपले.

"माझा भाऊ दगड झाला. यांच्या हुकमाने!" हौसाने आसुडाने विद्याधराकडे दाखवले.

"महाराज, त्या गाड्या विनाकारण थांबत होत्या," विद्याधर म्हणाला.

"विनाकारण? पंडितजी, मिठाची गाडी घाटात कधी चढवलीत?"

"ते माझे काम नव्हे."

"मग चढवणाऱ्याला हुकूम देणे तेवढे तुमचे काम?" गाडी पुढे गेली, शब्द मागे राहिले.

राजा म्हणाला, "विद्याधर, हुकूम मागे घे."

पोपट गवाक्षात येऊन बसला. "आसनावरचा शब्द आसनावरून मागे घेता येत नाही. तो मोडायला हुकूम देणाऱ्याने तीन कामे करायची आहेत. चालत्या गाडीत चढणे. कासरा स्वतः धरणे. तिसरे घाटात कळेल. आणि बैल दमून आपणहून थांबले, तरी गाडीवरचे दगडच होतील."

विद्याधर दोनदा पडला. तिसऱ्यांदा हौसाने उपरणे धरून त्याला वर ओढला. पहिले काम झाले. त्याने कासरा धरला आणि बैल राणीच्या फुलबागेत शिरले.

"दोन्हीकडून एकदम ओढू नका! मोऱ्या बैलाने कुणाचे ऐकायचे?"

वेशीपर्यंत तळहाताला फोड आले, पण गाडी रस्त्याला लागली. दुसरे काम झाले.

घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर बैलांच्या तोंडाला फेस आला. सहाव्यावर पाय लटपटू लागले. सातव्यावर, गोंदाजीच्या दगडाशेजारी, गाडी हातभर मागे घसरली. मागे दरी होती.

"हाणू?" विद्याधराने विचारले.

"हाणून बघा."

त्याने आसूड उगारला. मोऱ्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिले. आसूड खाली आला, पाठीवर न पडता.

"हौसाबाई, यांना आता चालवत नाही."

"हेच दरबारात सांगत होते."

"थांबवले तर मी दगड होईन."

"गोंदाजीही झालाच की."

गाडी आणखी हातभर घसरली.

"थांब!" विद्याधर ओरडला. सात वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. त्याने उडी टाकली, धोंडा उचलला, चाकामागे घातला. नखे राखाडी झाली, मनगट राखाडी झाले. त्याने धोंडा सोडला नाही. गाडी उभी राहिली. बैलांनी लांब श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर त्याच्या हाताला रंग आला. तिसरे काम झाले. शेजारी गोंदाजीने पापणी हलवली.

"हौसे, एवढा उशीर? माझी कंबर धरली की!"

तिला हसू फुटले, रडूही फुटले.

दुसऱ्या दिवशी राजाने दवंडी पिटवली: नागवळणातून तीन खेपा नेल्याशिवाय त्या आसनावर कोणी बसायचे नाही. पहिली खेप विद्याधराने स्वतः मागून घेतली. पोपट आता हुकूम नेतो, तसे उत्तरही आणतो.

बारा गाडीवान उठले, असे दप्तरात लिहिले आहे. हौसाने मोजले ते तेरा. तेरावा म्हातारा, कारवीच्या झुडपात पुरता झाकलेला, गाडीतले मीठ कित्येक पावसाळ्यांत वाहून गेलेले. गळ्यातल्या बिल्ल्यावर राजाच्या आजोबांची मुद्रा होती. उठताच त्याने विचारले, "मला थांबायची मनाई कोणी केली होती?"

विद्याधराआधी त्या आसनावर अकरा जण बसून गेले. त्यांतला कोण, हे दरबाराने अजून सांगितलेले नाही.