खडकावर हरवलेला माग

“मग खुनी खडक ओलांडून गेला, हे माग काढणाऱ्याला कळलं कसं?” केतकीने तिसऱ्यांदा विचारलं.

सुखलालबाबा अंगणात बाज विणत होते. त्यांनी सुंभ ताणून घेतला, गाठ मारली.

तिला वाटलं होतं, मेळघाटातला हा नावाजलेला मागकाढ्या डोंगरकपारीसारखा गंभीर असेल, पानापानाचा अर्थ सांगेल. इथे सापडला तो प्लास्टिकचे बूट घातलेला, मोबाईलवर सिनेमे बघणारा एक कोरकू म्हातारा. आणि त्यातही दुखरी गोष्ट ही, की तिने ज्या सिनेमाची पिसं काढली होती, तो त्याला आवडला होता.

केतकी वानखडे अमरावतीची. चार वर्षं प्रागला सिनेमा शिकून परत आली होती. आपल्याकडचे सिनेमे जंगलाबद्दल धडधडीत खोटं बोलतात आणि ते थांबवायला कोणीतरी परत यायला हवं, असं तिला मनापासून वाटायचं. आल्याआल्या तिने जंगलातल्या खुनाच्या एका गाजलेल्या सिनेमावर लेख लिहिला. सत्तावीस चुका, एकेक सोलून. लेख चौफेर फिरला. मग एका निर्मात्याचा फोन आला. “मॅडम, चुका काढून झाल्या. आता बिनचुकीचा लिहून दाखवा.”

तिने लिहिला. एक भोक तेवढं बुजत नव्हतं. खुन्याचा माग इथल्याच नदीच्या वाळूतून काळ्या खडकावर चढतो आणि पलीकडे पुन्हा सापडतो. मधल्या चारशे पावलांचं काय? उद्या सकाळी दहाला पटकथा पाठवायची होती. हे भोक तसंच राहिलं, तर ज्यांनी तिचा लेख वाचला होता तेच तिला फाडून खाणार होते.

“बाबा, त्या सिनेमात बिबट्या एका रात्रीत चाळीस मैल जातो,” ती चिडून म्हणाली.

“भूक लागली असन.”

“नेमका खुनाच्या वेळीच वायरलेस बंद पडतो.”

“आमच्या ठाण्यातला तं रोजच पडे.”

“खुनी पायी निघतो आणि पोलिसांच्या जीपच्या आधी पोचतो!”

“जीप कधी वेळेवर पोचली, पोरी?”

केतकी उठून अंगणात फेऱ्या घालू लागली. कोंबड्या बाजूला झाल्या.

“म्हणजे त्यात तुम्हाला काहीच खोटं वाटलं नाही?”

“एक वाटलं.”

ती थबकली.

“त्यातला मागकाढ्या. पूर्ण सिनेमात त्याचा माग एकदाबी हरवला नाही.” त्यांनी सुंभ खाली ठेवला. “चाल,” ते बाजेपासून उठत म्हणाले. “नदीवर जाऊ.”

दुपार कलली होती. वाळूत एका माणसाचे ताजे ठसे होते, बुटांचे. “सकाळी कोणी गेलं इथून,” बाबा म्हणाले. “काढ माग.”

तिने काढला. ठसा, ठसा, पुढे पाण्याकाठी घसरलेला ठसा, मग पुन्हा वाळू. तिला बरं वाटू लागलं. आणि मग खडक आला. काळा, तापलेला, कोरा.

बाबांनी हातातली काठी शेवटच्या ठशाशेजारी रोवली आणि सावलीची जागा बघून बसले.

“आता?”

“आता बस.”

“किती वेळ?”

“दिसेपर्यंत.”

“आणि नाही दिसला तर?”

“तं नाही दिसला.”

केतकी बसली. तिने घड्याळ बघितलं. खडक बघितला. पुन्हा घड्याळ बघितलं. उद्याचे दहा तिच्या मानेवर येऊन बसले होते. तीन मिनिटं झाली असतील नसतील, ती उठली आणि तरातरा खडकावरून पलीकडे गेली.

“सापडला,” तिने तिकडून हाक दिली. “बाबा, हा बघा. ओल्या मातीत, अगदी स्वच्छ.”

बाबा सावकाश आले. वाकून बघितलं.

“हा त्याचाच कशावरून?”

तिने वीत लावली. “लांबी तीच. तळव्याची नक्षी तीच. टाचेकडे झिजलेला, तेही तसंच.”

बाबांनी आपला पाय उचलला आणि त्या ठशाशेजारी दाबला. मग बाजूला केला.

लांबी तीच. नक्षी तीच. टाचेकडे झिजलेला, तेही तसंच.

“बुधवारच्या बाजारात एकच दुकान हाय बुटांचं,” ते म्हणाले. “सारं गाव थेच घालते.”

हार मानणं केतकीला शिकवलेलं नव्हतं.

“ठीक आहे. तरी दिशा बघा ना. तो इकडेच तोंड करून निघाला होता. वेळ जुळते. या बाजूला दुसरी पायवाट नाही. मग दुसरं कोण असणार? सगळं जुळतंय, मधला तुकडा तेवढा दिसत नाही. तो आपण समजून घ्यायचा.”

“असंच बोललो होतो मी,” बाबा म्हणाले. “अगदी असंच.”

“कुठे?”

“कोर्टात.”

बाबा खडकाच्या कडेला टेकले.

“तीस साल झाले. जंगलखात्याचा एक नाकेदार मेला होता, इथंच वरतं. कुऱ्हाडीचा घाव. माग वाळूतून आला न् या खडकावर गेला. पलीकडं सापडला तो मानसिंगच्या झोपडीपाशी. ठाणेदार म्हणे, सुखलाल, सारं जमलं, एवढंच एक भोक हाय. मी म्हटलं, साहेब, खडकावर काही दिसत नाही. थो म्हणे, तुले नाही दिसलं तं कोणाले दिसन? तुयासारखा मागकाढ्या जिल्ह्यात नाही.”

“मग?”

“मग मले दिसलं. शेवाळ खरचटलं होतं, म्हटलं. गोटा उलटला होता, म्हटलं. चारशे पावलं मी कोर्टात चालून दाखवली.”

“आणि मानसिंग?”

“सात साल.”

“त्याने केलाच नव्हता खून?”

“मले माहीत नाही.”

“नंतर तरी कळलं असेल ना. कोणी बोललं असेल…”

“नाही कळलं. तेव्हाबी माहीत नव्हतं, आताबी नाही.” त्यांनी खडकाकडे हात केला. “इथं काहीच नव्हतं, पोरी. जे होतं थे मी ठेवलं.”

परत येताना गावाच्या तोंडाशी डोक्यावर मोळी घेतलेला एक वाकलेला माणूस समोरून आला.

“राम राम, सुखलाल.”

“राम राम, मानसिंग.”

बाबा वाटेवरून उतरून उभे राहिले. मोळी पार दिसेनाशी होईपर्यंत ते पुन्हा वाटेवर आले नाहीत. केतकीही त्यांच्या मागे काट्यांत उभी होती. तिला विचारायचं होतं, तो तुमच्याशी बोलतो कसा?

अंगणात आल्यावर बाबांनी उरलेली बाज विणायला घेतली. ती शाळेच्या खोलीत उतरली होती, तिकडे गेली. पटकथेतला तो प्रसंग उघडला. त्यात तिने काल रात्रीच लिहिलं होतं, तिच्या मागकाढ्याला खडकावर खरचटलेलं शेवाळ दिसतं.

अक्षरशः तेच. शेवाळ.

आपल्याला ते किती सहज सुचलं होतं, एवढंच ती घोळवत राहिली.

सकाळी आठलाच ती गावाबाहेरच्या टेकडीवर चढली. फोनला रेंज तिथेच मिळायची. निर्मात्याला तिने सांगितलं, पटकथा आज येणार नाही, महिन्याने येईल. तिचा मागकाढ्या खडकापाशी थांबणार आहे. साहेब दरडावतील तरी तो म्हणणार आहे, मला माहीत नाही. पुढचा सिनेमा त्या तीन शब्दांचं काय होतं, त्याचा.

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “मॅडम, अख्ख्या सिनेमाएवढं भोक ठेवताय. लोक तुमचाच लेख तुमच्या तोंडावर फेकतील.”

“फेकू देत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली आली तेव्हा बाबा नव्या बाजेवर बसून चहा पीत होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. निर्णय सांगितला. भीतीही सांगितली.

“सिनेमा संपला की प्रत्येक माणूस मला एकच विचारणार, बाबा. खडकावरून तो गेला कसा? तोच गेला, हे कशावरून?”

बाबांनी कप खाली ठेवला.

“इचारू दे,” ते म्हणाले. “त्या दिवशी कोर्टात कोणीच इचारलं नाही.”