जात्याच्या खाचेतलं पीठ

टेपरेकॉर्डरचा जमाना होता, तेव्हाची ही गोष्ट. एका विद्यापीठात सूक्ष्मदर्शक आणि टेपरेकॉर्डर एकाच टेबलावर राहायचे. टेपरेकॉर्डर खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या ऐकवायचा आणि त्याच्याभोवती गर्दी जमायची. सूक्ष्मदर्शकाचा नुसता जळफळाट व्हायचा. "रडगाणी साठवायची, हे काय संशोधन झालं? अभ्यास करावा तर माझ्यासारखा, कणाकणाचा!"

एकदा तिथं एक जुनं जातं आलं. त्याच्या खाचेतलं चिमूटभर पीठ काचेवर ठेवलं, तसा सूक्ष्मदर्शक हरखला. आज गर्दी त्याच्याकडे होती!

"हे आंब्याच्या कोयीचं पीठ," त्यानं ठणकावून सांगितलं.

"पण कोय कशाला दळली असेल?" कुणीतरी विचारलं.

सूक्ष्मदर्शक गडबडला. "दळणारी वेडी असेल!" तो फणकारला.

टेपरेकॉर्डरनं एक ओवी लावली.

"सरला गं जोंधळा, कोय घातली जात्यात,
भाकर म्हणून वाढते लेकराच्या ताटात."

"हीच ओवी," जातं हळूच म्हणालं. "दळताना ती हीच म्हणायची."

सूक्ष्मदर्शकानं पुन्हा काचेवर पाहिलं. कण तेच होते, पण आता त्याला ते बघवेनात. गर्दी कधीच शेजारी सरकली होती. ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"दादा," तो टेपरेकॉर्डरला म्हणाला, "पुन्हा एकदा लाव ना."