मुंगीचा खडा आणि गेमचा डबा

नऊ डिसेंबर. रविवार. सकाळी थंडी. दुपारी लख्ख ऊन. वारा नाही.

खिडकीच्या फटीत एक मुंगी राहायची. तिचं नाव इवली. इवलीला टीव्हीच्या टेबलावर एक खडा सापडला. खडीसाखरेचा खडा! पांढरा. चौकोनी. इवलीहून मोठा.

"हा मला थंडीभर पुरेल," इवली म्हणाली. "मग बाहेर पडायला नको."

ती खडा ढकलू लागली. हुश्श हुश्श. हुश्श हुश्श.

इतक्यात विलासमामा आला. मामाच्या हातात काळा डबा. गेमचा डबा! मामाने तो टेबलावर ठेवला.

धप्प!

खडा डब्याखाली गेला.

डब्याला दोन वायरी होत्या. एक जाड. एक बारीक. जाड वायर मामाने भिंतीत खोचली. बारीक वायर टीव्हीला लावायची होती. पण तेवढ्यात भांडण झालं.

"पहिला डाव माझा!" मुगू म्हणाली. मुगू म्हणजे मामाची भाची.

"वा गं वा! डबा आणला मी, आणि डाव तुझा?" मामा म्हणाला.

मुगूने गाल फुगवले.

"बघा, बघा! मूग भिजले की फुगतात. ही न भिजताच फुगली!"

मुगू आणखी फुगली. पाय पसरून, पाठ फिरवून बसली. मामा दिवाणावर आडवा झाला. रिमोट ठेवला पोटावर.

इवलीने डब्याखाली वाकून बघितलं. खडा दिसत होता. निघत नव्हता.

"डबूदादा, डबूदादा, हल ना! माझा खडा मिळेना!"

"मी नाही हलायचा," डबा म्हणाला. "वायर ओढेल, तर हलेन."

इवली वायरकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"वायरताई, वायरताई, ओढ ना!
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"मी नाही ओढायची," वायर म्हणाली. "टीव्ही लागेल, तर ओढेन."

इवली टीव्हीकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. टीव्हीचं तोंड काळं होतं.

"टीव्हीकाका, टीव्हीकाका, लागा ना!
वायर ओढेना,
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"मी नाही लागायचा," टीव्ही म्हणाला. "रिमोट चालेल, तर लागेन."

रिमोट कुठे होता? मामाच्या पोटावर. मामाचं पोट वर, रिमोट वर. मामाचं पोट खाली, रिमोट खाली. इवली तिथे गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"रिमोटदादा, रिमोटदादा, चाल ना!
टीव्ही लागेना,
वायर ओढेना,
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"मी नाही चालायचा," रिमोट म्हणाला. "सेल फिरतील, तर चालेन."

रिमोटच्या पाठीचं झाकण जरा उघडं होतं. इवली आत शिरली. तुरुतुरु तुरुतुरु. आत दोन सेल निजले होते. एकाचं डोकं इकडे. दुसऱ्याचं डोकं तिकडे.

"सेलभाऊ, सेलभाऊ, फिरा ना!
रिमोट चालेना,
टीव्ही लागेना,
वायर ओढेना,
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"आम्ही नाही फिरायचे," सेल म्हणाले. दोघं एकदम म्हणाले. "मामा उठेल, तर फिरू."

इवली मामाच्या कानाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा, मामा, ऊठ ना!
सेल फिरेनात,
रिमोट चालेना,
टीव्ही लागेना,
वायर ओढेना,
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"मी नाही उठायचा," मामा म्हणाला. "मुगू हसेल, तर उठेन."

इवली दिवाणावरून खाली उतरली. मुगूकडे गेली. तुरुतुरु तुरुतुरु. मुगूचे गाल अजून फुगलेलेच होते.

"मुगूताई, मुगूताई, हस ना!
मामा उठेना,
सेल फिरेनात,
रिमोट चालेना,
टीव्ही लागेना,
वायर ओढेना,
डबा हलेना,
माझा खडा मिळेना!"

"मी नाही हसायची," मुगू म्हणाली. "कुणी गुदगुल्या करेल, तर हसेन."

आता कुणाकडे जायचं? इवलीने इकडे बघितलं. कुणी नाही. तिकडे बघितलं. कुणी नाही. मग तिने आपले पाय बघितले.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!

इवली मुगूच्या तळव्यावर चढली. सहाही पायांनी चालू लागली. गुदुगुदु गुदुगुदु. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. गुदुगुदु गुदुगुदु. अंगठ्यापासून टाचेपर्यंत.

मुगूने ओठ घट्ट मिटले. मग एक गाल हलला. मग दुसरा हलला.

"खी खी खी खी!"

मुगू हसली, मामा उठला.

"फुगा फुटला वाटतं!" मामा म्हणाला.

"मामा, पहिला डाव..."

"तुझाच, गं बाई, तुझाच. चल."

मामा उठला, सेल फिरले. मामाने अंगठ्याने फिरवले. गर्र गर्र. शिवाय रिमोटच्या पाठीत एक चापट. टप्प!

सेल फिरले, रिमोट चालला. टिक!

रिमोट चालला, टीव्ही लागला. झगमग झगमग.

"सिग्नल नाही," टीव्ही म्हणाला.

"थांब रे, देतो," मामा म्हणाला. त्याने बारीक वायर टीव्हीच्या पाठीत खोचली. पहिल्या भोकात.

"सिग्नल नाही," टीव्ही म्हणाला.

"मामा, ते नाही! पलीकडचं! दोन नंबरचं!" मुगू ओरडली.

दोन नंबरचं भोक लांब होतं. वायर आखूड होती. मामाने वायर धरली. वायर ताणली. अजून ताणली.

टीव्ही लागला, वायरने ओढलं.

वायरने ओढलं, डबा हलला. सर्रर्र!

डबा हलला, खडा मिळाला!

खटक! वायर दोन नंबरच्या भोकात बसली. डब्यावर हिरवा दिवा लागला. टीव्हीवर गेम आला. टिंग टिंग टिडिंग!

इवली केव्हाच टेबलावर परतली होती. तिने तिकडे बघितलं नाही. ती खडा ढकलू लागली. हुश्श हुश्श. हुश्श हुश्श. टेबलाच्या कडेने. भिंतीवरून वर. खिडकीपर्यंत.

पहिला डाव मुगू खेळली. ती हरली. दुसरा डाव मामा खेळला. तोही हरला. इवलीचा खडा फटीत पोचला.